मदत हवी आहे: हॅकेथॉनसाठी ‘एकदम दोन-दोन येणाऱ्या बस’ हा प्रश्न घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचे पाच जण एका विद्यार्थी हॅकेथॉनमध्ये उतरतोय. विषय शहरातली वाहतूक, ३६ तासांत काहीतरी बनवून परीक्षकांना दाखवायचं. तिघांना वाहतूक कोंडीचा अंदाज सांगणारं मशीन लर्निंगचं मॉडेल करायचंय. मला आणि आणखी एका मैत्रिणीला बसचा प्रश्न घ्यायचाय: थांब्यावर कितीतरी वेळ काहीच येत नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन बस एकमेकींना चिकटून येतात. पहिली खच्चून भरलेली, दुसरी जवळपास रिकामी.

कारण सरळ आहे. एखादी बस जरा मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसं कमी मिळतात, म्हणून ती भराभर पुढे सरकते आणि पहिलीला गाठते. न्यूवेल आणि पॉट्स या संशोधकांनी याचं गणित १९६४ सालीच मांडलं होतं. म्हणजे यात चालकाचा हलगर्जीपणा असावाच लागत नाही, काही केलं नाही तर दोन बसमधलं अंतर आपसूक बिघडत जातं. थांब्यावरचे लोक मात्र चालकालाच बोल लावतात, आणि तेच मला फार खटकतं.

टीमला पटवायला मी हा हिशोब दाखवला. दर १० मिनिटांनी बस असेल आणि माणसं एकसारखी येत राहिली तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. आता अंतरं १८ आणि २ मिनिटं अशी पडली समजा. २० मिनिटांत बस दोनच, कागदावर सेवा तीच. पण १८ मिनिटांच्या खंडात आलेली माणसं सरासरी ९ मिनिटं थांबतात, २ मिनिटांच्या खंडातली १ मिनिट. सगळ्यांची सरासरी काढली तर ८.२ मिनिटं. एकही फेरी रद्द न होता थांबणं ६४ टक्क्यांनी वाढलं! कारण जास्त माणसं नेमकी त्या लांब खंडातच येतात.

हिशोब सगळ्यांना पटला, पण ‘हे हॅकेथॉनमध्ये दाखवणार कसं?’ इथे गाडी अडलीय. आमच्याकडे जीटीएफएसमधलं (बस-रेल्वेची वेळापत्रकं संगणकाला वाचता येतील अशी मांडायचा ठरलेला नमुना) वेळापत्रक आहे, बस आत्ता कुठे आहे याची थेट माहिती नाही. तेवढ्यावर भागेल का? सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर बसची नक्कल, करायचं तर सुमो (वाहतुकीची अशी नक्कल करणारं तयार सॉफ्टवेअर) शिकावं की स्वतः लिहावं? आणि परीक्षकांना ॲप दिसलं नाही तर ते ऐकून तरी घेतात का?

अनुभवी लोकांनी कृपया स्पष्ट सांगावं.

फीडवाला:
वेळापत्रकावर भागणार नाही. त्यात बस कधी यायला हवी ते असतं, कधी आली ते नसतं. जीटीएफएसचा उगमच बघा ना: २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी प्रवासाचं नियोजन नकाशावर यावं म्हणून ते सुरू केलं. प्रत्यक्ष हालचालीसाठी २०११ मध्ये जीटीएफएस रिअलटाइम आलं. त्यात फेऱ्यांमधले बदल, सूचना आणि वाहनांची जागा अशी मुख्य तीन प्रकारची माहिती येते. तुम्हाला तिसरी हवीय.

एक मेख लक्षात ठेवा. ही फीड (सतत ताजी होत राहणारी माहिती) फक्त आत्ताचा क्षण सांगते. मागचं तुम्ही साठवलं नसेल तर गेलं. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट आजच चालू करा, दर अर्ध्या मिनिटाला फीड उतरवून वेळेसकट ठेवत जा. तुमच्या शहराची फीड खुली नसेल तर जिथली खुली आहे तिथली घ्या, बस चिकटण्याचं गणित सगळीकडे तेच आहे. मात्र आधी गोळा केलेला डेटा चालतो का, हे आयोजकांना लेखी विचारून घ्या. काही ठिकाणी कोड आधी लिहायला मनाई असते पण डेटाला नसते.

आणि वेळापत्रकात २५:१०:०० असं काही दिसलं तर ओळ खराब समजून काढून टाकू नका. मध्यरात्रीनंतर चालणारी फेरी आदल्या दिवसाच्या सेवेत धरतात, म्हणून तास चोवीसच्या पुढे जातात. हे माहीत नसलेल्या टीमच्या रात्रीच्या सगळ्या फेऱ्या गायब होतात.

मधली सीट:
सुमोच्या वाटेला जाऊ नकोस. जर्मनीच्या एरोस्पेस केंद्रात तयार झालेलं ते साधन उत्तम आहे, पण लेन, सिग्नल, एकेक गाडी यांचा बारीक अभ्यास करायचा असेल तेव्हा. तुझ्या प्रश्नाला यातलं काहीच लागत नाही आणि रस्त्यांचं जाळं दुरुस्त करण्यातच तुमची रात्र जाईल.

पायथनमध्ये स्वतः लिही. गोल मार्ग, २० थांबे, ५ बस, माणसं यादृच्छिक पद्धतीने येतात, प्रत्येकाला चढायला ३ सेकंद. सगळ्या बस समान अंतरावर सोड, मग एकीला एकाच थांब्यावर २ मिनिटं अडकव आणि पुढे नुसतं बघत बस. वर्तुळावरचे पाच ठिपके हळूहळू एकमेकांकडे सरकतात. हे पडद्यावर दिसलं की कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बसची क्षमता मात्र घाल. ती नसेल तर पुढची बस कितीही माणसं गिळत राहते आणि निकाल खोटा येतो.

उपाय म्हणून बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन या संशोधकांची २०१२ ची पद्धत बघ. नियम एका ओळीचा आहे: ठरावीक थांब्यावर आलेल्या बसने, मागची बस जितकी लांब असेल त्या प्रमाणात थांबायचं. मागची लांब असेल तर जास्त, जवळ असेल तर कमी. वेळापत्रक लागत नाही, दोन बसमध्ये किती अंतर हवं हेही आधी ठरवावं लागत नाही, ते आपोआप समान होत जातं. जॉर्जिया टेक या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या आवारातल्या बससेवेवर त्यांनी हे प्रत्यक्ष चालवून पाहिलंय. मला तर ही कल्पना इतकी सुंदर वाटते की तुम्ही घेतली नाहीत तर वाईट वाटेल.

पायवाट:
मी अशा स्पर्धांत परीक्षक म्हणून बसते, तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगते. कोंडीचा अंदाज दाखवणाऱ्या टीमला मी नेहमी एकच विचारते: अंदाज कळला, आता कोणी काय करायचं? बहुतेकांकडे उत्तर नसतं. तुमच्या प्रश्नात ते आहे, कारण ‘ही बस इतके सेकंद थांबवा’ ही कृती आहे आणि ती करणारा माणूसही ठरलेला आहे.

पण तुम्हालाही मी सोडणार नाही. थांब्यावरच्यांचा वेळ वाचवायला तुम्ही बस उभी केलीत. आत बसलेल्यांचं काय? ४० सेकंद थांबवलं आणि आत ५० माणसं असतील तर ते २,००० प्रवासी-सेकंद झाले, म्हणजे तेहतीस मिनिटांच्या वर. हा खर्च तुमच्या आलेखात दिसला नाही तर मी गुण कापेन. दिसला, तर बाकीचं सादरीकरण साधं असलं तरी चालेल.

ॲप हवंच असं काही नाही. ज्याच्यासाठी करताय त्याला लागणारी एक गोष्ट दाखवा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. फीडवाला, स्क्रिप्ट चालू केलीय, आयोजकांना मेलही गेला.

पायवाट ताई, तुमच्या प्रश्नावर रात्री बराच काथ्याकूट झाला. आत माणसं कमीत कमी असतात तिथे बस थांबवली तर खर्चही कमी, म्हणजे शेवटच्या थांब्यावर किंवा मार्गाच्या सुरुवातीला, गर्दी भरायच्या आधी. थांबण्याला वरची मर्यादाही घालतोय. आत वाया गेलेला आणि बाहेर वाचलेला वेळ एकाच आलेखावर शेजारी-शेजारी मांडणार आहोत. काही मांडण्यांत खर्च फायद्यापेक्षा जास्त निघतोय, तेही दाखवू.

मॉडेलवाले तिघे आता आमच्यात आहेत. मागची बस किती वेळात पोहोचेल हा अंदाज लागतोच, तो भाग त्यांनी घेतला. पडदा एकच: नियंत्रण कक्षातल्या माणसासाठी बसचा नंबर आणि ‘४० सेकंद थांबा’ किंवा ‘निघा’.

एक शंका उरते. चालकांना हे जाचक वाटेल का? आधीच वेळेचा धाक, त्यात आमचा पडदा.

मधली सीट:
हे इथे विचारण्यापेक्षा शेवटच्या थांब्यावर जाऊन विचार. चालक-वाहक चहापाण्याला थांबलेले असतात तेव्हा जा, वही ने, लॅपटॉप नको. दोन गोष्टी नक्की विचार: कुठल्या थांब्यावर बस उभी राहिली तर मागची वाहनं अडत नाहीत, आणि उशीर झाला की त्यांची विश्रांती कापली जाते का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमच्या नियमात विश्रांतीची मिनिटं आधी बाजूला काढा आणि उरलेल्या वेळातूनच थांबणं मोजा. कोडमध्ये ती एक वजाबाकी आहे. लघवीला जायला वेळ मिळतो की नाही, हे त्यावर ठरतं.

पायवाट:
याला दुजोरा. आणि चालक जे सांगतील ते त्यांची परवानगी घेऊन, नाव न देता, पहिल्याच स्लाइडवर त्यांच्याच शब्दांत टाका. कोड सगळ्यात शेवटी, परवान्यासकट खुला ठेवा आणि साठवलेल्या फीडचं वर्णन सोबत जोडा, म्हणजे पुढच्या टीमला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

धागाकर्ती:
उद्या सकाळच्या पाळीला जातोय. उत्तरं इथेच टाकते.