मुलांचं रक्त काढायचं म्हटलं की तुमच्याकडे काय होतं?

अबोली_ठाणे
आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या छोट्याचं रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी आला होता. ताप उतरत नाहीये, डेंग्यूची शंका. पोराने जो सूर लावला तो पार आमच्या घरापर्यंत आला आणि मला लेकीचे ते दिवस आठवले. तिला थायरॉइडची गोळी जन्मापासून, त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आमच्या पाचवीलाच पुजलेलं. बालवाडीत होती तेव्हा रिक्षा लॅबच्या गल्लीत वळली की हिचा भोंगा सुरू. धरायला मी, नवरा आणि लॅबमधल्या मावशी. एकदा तर टेक्निशियनचा चष्मा उडवला होता.

मग आमच्या डॉक्टरांनी बधिर करणारं मलम लिहून दिलं (लिग्नोकेन-प्रिलोकेन). कोपराच्या खळगीत जाड थर द्यायचा, चोळायचा नाही, वर पारदर्शक पट्टी लावायची आणि तासभर थांबायचं. तासभर म्हणजे तासभर, निघताना घाईत फासून उपयोग नाही. दुसरं म्हणजे तिला कामं दिली. हात कुठला ते ती ठरवणार, कापसाचा बोळा ती दाबणार आणि बाटलीच्या टोपणाचा रंग ओळखणार. सीबीसीचं (रक्तपेशी मोजायची टेस्ट) जांभळं, शुगरचं राखाडी हे तिला पाठ आहे. रडत नाही असं नाही, पण हात आता स्वतः पुढे करते.

तुमचंही लिहा.

रस्सा_भाकरी
आमच्याकडे पोरगं शांत असतं, बाप आडवा होतो. मागच्या वेळी सुई त्याला टोचली आणि खुर्चीवरून खाली मी. त्याला तसंच बसवून दोघं माझे पाय वर धरून उभे. चिरंजीव शाळेत सगळ्यांना सांगून आले.

कोयनाकाठ
😂😂 दंडवत घ्या. पण काका, खरंच सांगते, चक्कर येणाऱ्यांनी मांड्या-पोटऱ्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या. बीपी एकदम पडत नाही. आणि सरळ आडवं झोपूनच रक्त द्यायचं. माझा भाचा दहावीत आहे, तो असंच करतो.

लॅबवाला_दादा
आपला धंदाच हा, म्हणून दोन शब्द. पोरांना उगाच उपाशी आणू नका. सीबीसीला, टीएसएचला उपाशी पोट लागत नाही. उपाशीपोटीची टेस्ट असली तरी साधं पाणी चालतं, निघण्याआधी पाजा. पाणी कमी पडलं की शीर सापडत नाही, मग मी दोनदा टोचणार आणि तुम्ही माझ्यावर ओरडणार. थंडीत हात गरम ठेवा.

टेबलावर आडवं पाडून चौघांनी दाबू नका हो, पोर जास्त बिथरतं. मांडीवर घ्या, तोंड तुमच्या छातीकडे, एक हात तुमच्या बगलेखालून माझ्याकडे. त्याला सुई दिसत नाही, मला हात मिळतो. बारीक बटरफ्लाय सुई आहे का, हे बिनधास्त विचारा.

आणि घरी "त्रास दिलास तर काका सुई टोचतील" म्हणता ना, ते काका मी असतो.

चिमणचारा
शेवटचं वाक्य फ्रेम करून सासूबाईंच्या खोलीत लावते. दुधी खाल्ला नाही की डॉक्टरकाका, झोपला नाही की डॉक्टरकाका.

माळावरची_बाभूळ
मुलगा टाइप १ डायबेटिक. बोट टोचणं रोजचंच, टीव्ही बघता बघता करतो. (नवीन कोणी असेल तर: बोटाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं.) पण एचबीए१सीसाठी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) हाताच्या शिरेतून घ्यायचं म्हटलं की पलंगाखाली. मी म्हटलं, अरे दिवसातून कितीदा टोचतोस स्वतःला! तर म्हणाला, "ते मी टोचतो."

अबोली_ठाणे
@बाभूळ, किती बरोबर बोलला गं. म्हणूनच बहुतेक हात निवडायला दिल्यावर आमचीचा फरक पडला. तुला एक मोठ्ठी मिठी.

शंकेखोर
आमच्या कन्येला भीती दुखण्याची नव्हतीच. रक्त संपेल ही होती! हे कळायला वेळ लागला, कारण विचारलंच नव्हतं कोणी. मग हिशोब मांडला. मुलांच्या अंगात किलोमागे साधारण ७५ मिली रक्त, ती २० किलोची, म्हणजे दीड लिटर. बाटलीत जातं दोन-तीन मिली. दीड लिटर पाणी पातेल्यात ओतलं आणि अर्धा चमचा काढून दाखवला. पातेल्यात डोकावून बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "आणि हे परत भरतं?" भरतं म्हटलं. प्रकरण मिटलं. आता डासांवरही दया दाखवते, तो वेगळा ताप.

दुपारचा_चहा
मला ही तयारी वगैरे जमत नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर आमचा रात्रभर टक्क जागा. मी जिना उतरताना सांगते. प्रत्येक पोर वेगळं.

अबोली_ठाणे
हो, किती आधी सांगायचं ते ज्याचं त्याला ठाऊक. मी फक्त "दुखणार नाही" म्हणत नाही. "दुखेल, दहा आकडे म्हणेपर्यंत" असं सांगते. ती मुद्दाम भराभर म्हणते.

थेम्सकाठी_कांदेपोहे
इकडे इंग्लंडात हॉस्पिटलात मुलांसाठी प्ले स्पेशालिस्ट असते. आमची बाई साबणाचे फुगे घेऊनच आली. फुंकताना श्वास लांब जातो आणि लक्षही तिकडे. पाच पौंडाची पार्किंग सोडली तर झकास अनुभव.

वसंत_निवृत्त
आमच्या लहानपणी कंपाउंडर काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढत असे. तो खळखळ आवाज ऐकूनच निम्मी पोरे मागच्या दाराने पसार. असो. अबोलीताई, त्या बाळाला पपईच्या पानांचा रस द्यायला सांगा.

कोयनाकाठ
काका, रस नको, डॉक्टर सांगतील ते आणि भरपूर पाणी-पेज. आणि मनाने आयब्युप्रोफेन नको, डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असते.

नवी_आई_नाशिक
ते मलम ११ महिन्यांच्या बाळाला चालेल का? परवा टेस्ट आहे. मेडिकलमध्ये मिळतं ना?

लॅबवाला_दादा
ताई, बाळांना मनाने लावू नका. प्रमाण वय-वजनावर असतं, प्रिलोकेन जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. घरात कुणाला जी६पीडीची (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमतरता असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर पीत असेल तर पाजता पाजताच घेऊ द्या, आम्हाला सवय आहे. बाळं कमी रडतात.

नवी_आई_नाशिक
थँक्यू दादा 🙏 लाजच वाटत होती विचारायची.

चिमणचारा
दादा, एक विचारू? घरी येता तेव्हा चहा विचारलेला आवडतो की वैताग येतो? आमच्याकडे यावर वाद आहे.

लॅबवाला_दादा
सकाळी सहाला निघतो, प्रत्येक घरी चहा घेतला तर दुपारी माझीच शुगर तपासावी लागेल. पाणी द्या. कुत्रा बांधा.

रस्सा_भाकरी
आमचा बांधलेलाच असतो. खाली पडतो तो मी.