बीटल्सचे पहिले ‘नंबर वन’ गाणे नेमके कोणते? चार्टच्या इतिहासावरील प्रश्नांसाठी मदत हवी आहे

रविवारचा श्रोता

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा पाश्चात्त्य पॉप संगीतावर प्रश्नमंजूषेची एक फेरी ठेवली आहे आणि प्रश्न काढण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. फेरीचा विषय ‘चार्टचा’, म्हणजे गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीच्या यादीचा, ‘इतिहास’ असल्यामुळे सुरुवात सोपी असावी, या हेतूने ‘ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले बीटल्सचे पहिले गाणे कोणते?’ असा प्रश्न लिहिला. ज्या दोघा जाणकारांना तो तपासायला दिला, त्यांतल्या एकाने ‘प्लीज प्लीज मी’ आणि दुसऱ्याने ‘फ्रॉम मी टू यू’ असे उत्तर दिले, आणि दोघांनीही आपापल्या बाजूने छापील पुरावा पुढे केला. पहिल्या क्रमांकाची गाणी एकत्र करून २००० साली निघालेल्या ‘वन’ या अल्बममध्ये ‘प्लीज प्लीज मी’ नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच अल्बममध्ये ‘लव्ह मी डू’ आहे, जे १९६२ साली ब्रिटनमध्ये सतराव्या क्रमांकापर्यंतच गेले होते, त्यामुळे हा अल्बमही पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

स्पर्धेत कोणते उत्तर ग्राह्य धरावे? शिवाय निव्वळ पाठांतर तपासणारे नव्हे, तर थोडा विचार करून उत्तरापर्यंत जाता येईल असे आणखी प्रश्न कोणी सुचवले तर हवे आहेत. भारताशी खरोखरीचा धागा असलेले असतील तर उत्तमच.

तबकडीवाला

‘ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक’ हे शब्द १९६३ सालासाठी अपुरे आहेत, कारण त्या वर्षी तिथे सर्वमान्य अशी एकच यादी नव्हती. पहिली यादी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना फोन करून कोणत्या रेकॉर्ड सर्वाधिक खपल्या हे विचारले आणि त्या उत्तरांवरून बारा क्रमांक लावले. अल मार्टिनो यांचे ‘हिअर इन माय हार्ट’ पहिले आले. त्या बारा क्रमांकांत रेकॉर्ड मात्र पंधरा होत्या, कारण बरोबरी झाल्यास दोन्ही रेकॉर्डना एकच क्रमांक देऊन त्यानंतरचा क्रमांक न गाळता मोजणी पुढे नेली होती. ‘बारा क्रमांकांच्या यादीत पंधरा रेकॉर्ड कशा मावल्या?’ हा प्रश्न तुम्हाला तसाच घेता येईल, कारण त्याचे उत्तर विचार करणाऱ्यालाही सापडते.

पुढे ‘मेलडी मेकर’, ‘रेकॉर्ड मिरर’, ‘डिस्क’ आणि १९६० पासून ‘रेकॉर्ड रिटेलर’ हे व्यापारी नियतकालिक, अशा प्रत्येकाने आपापली दुकाने गाठून आपापल्या याद्या छापल्या. फेब्रुवारी १९६३ मध्ये ‘प्लीज प्लीज मी’ हे ‘मेलडी मेकर’मध्ये पहिले आले, ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये ते फ्रँक आयफील्ड यांच्या ‘द वेवर्ड विंड’बरोबर संयुक्त पहिले होते, ‘रेकॉर्ड रिटेलर’मध्ये मात्र आयफील्ड वरच राहिले आणि बीटल्स दुसऱ्या क्रमांकावर थांबले. बीबीसी आणि ‘रेकॉर्ड रिटेलर’ यांच्यासाठी एकाच संस्थेने मोजणी करून एकच यादी काढण्याची पद्धत फेब्रुवारी १९६९ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या वर्षांसाठी संदर्भग्रंथांनी नंतर असे ठरवले, की मार्च १९६० पर्यंत ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ आणि तिथून पुढे ‘रेकॉर्ड रिटेलर’ प्रमाण मानावे. आजची अधिकृत नोंद हाच संकेत पाळते, म्हणून तिच्यानुसार ‘फ्रॉम मी टू यू’ हे उत्तर येते. हा संकेत सोयीचा असला, तरी त्या आठवड्यात ‘मेलडी मेकर’ उघडून बीटल्सचे नाव शिरोभागी वाचणाऱ्यांवर तो अन्याय करतो, असे माझे मत आहे.

‘वन’चा घोळ सोपा आहे: ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एका ठिकाणी पहिला क्रमांक मिळाला की गाणे पात्र, असा त्याचा नियम होता आणि ‘लव्ह मी डू’ १९६४ साली अमेरिकेत पहिले आले होते. तुम्ही प्रश्न उलटा करून विचारावा, असे सुचवतो: ‘मेलडी मेकरने पहिले ठरवलेले, पण आजच्या अधिकृत नोंदीत दुसरे असलेले बीटल्सचे १९६३ मधील गाणे कोणते?’ याला एकच उत्तर आहे.

घाटमाथा

भारताचा धागा हवा असेल, तर बीटल्सपासून दूर जायचीही गरज नाही. वर सांगितलेल्या अधिकृत नोंदीनुसार ‘फ्रॉम मी टू यू’पासून ‘यलो सबमरीन’पर्यंत त्यांची सलग अकरा सिंगल (एक-दोन गाण्यांच्या सुट्या रेकॉर्ड) पहिली आली; १९६७ मध्ये ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ यांची दुहेरी रेकॉर्ड दुसऱ्या क्रमांकावर अडली आणि ही साखळी तुटली. ती अडवणारे गाणे ‘रिलीज मी’, गायक एंगलबर्ट हंपरडिंक, म्हणजेच १९३६ साली मद्रासमध्ये जन्मलेले अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी. १९५० ते १९९० अशा पाचही दशकांत ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवणारे क्लिफ रिचर्ड लखनौचे, आणि १९९७ च्या जानेवारीत ‘व्हाइट टाउन’ या नावाने ‘युअर वुमन’ हे गाणे शिखरावर नेणारे ज्योती मिश्रा राउरकेल्याचे.

महाराष्ट्राशी जवळीक फ्रेडी मर्क्युरी यांची. त्यांचा जन्म झांझिबारचा असला, तरी शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. त्यांच्या ‘क्वीन’ या बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ च्या अखेरीपासून नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिले होते आणि मर्क्युरी यांच्या निधनानंतर १९९१ च्या डिसेंबरात पुन्हा पहिले आले, त्यामुळे एकाच ध्वनिमुद्रणाने दोनदा नाताळचा पहिला क्रमांक पटकावला. परंतु माझ्या दृष्टीने खरे कोडे पुढचे आहे: जानेवारी १९७६ मध्ये ज्या गाण्याने त्याला पायउतार केले, त्याचे शीर्षक ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या शब्दांतच ऐकू येते, ते कोणते? उत्तर आहे ‘आबा’चे ‘मामा मिया’. गाणे मनात म्हणून पाहणाऱ्याला हे उत्तर सापडतेच, आणि त्यासाठी एकही तारीख पाठ असावी लागत नाही.

आपल्या मंडळींसाठी आणखी एक. १९९८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या आलेल्या एका गाण्याच्या शीर्षकात सांगलीत जन्मलेल्या गायिकेचे नाव आहे, मात्र त्यात तिचा आवाज नाही. ‘कॉर्नरशॉप’चे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे ते गाणे. आशा म्हणजे आशा भोसले.

नियमवाचक

घाटमाथा यांचे ‘मामा मिया’ अप्रतिम आहे, पण जन्मगावांचे प्रश्न मला चार्टची कोडी वाटत नाहीत. ते चरित्राचे प्रश्न आहेत आणि चार्ट तिथे केवळ निमित्ताला येतो. चार्टचे कोडे ते, ज्याचे उत्तर मोजणीच्या नियमातून निघते.

अमेरिकेतले उदाहरण घ्या. ‘नो डाउट’चे ‘डोंट स्पीक’ हे १९९६-९७ मध्ये तिथल्या रेडिओवरील प्रसारणाच्या यादीत सोळा आठवडे पहिले होते, तरीही ‘बिलबोर्ड हॉट १००’ या मुख्य यादीत ते शंभराव्या क्रमांकावरही कधी आले नाही. असे का, हा प्रश्न विचारावा. डिसेंबर १९९८ पर्यंत त्या यादीचा नियम असा होता, की गाणे दुकानात सिंगल म्हणून विकायला असलेच पाहिजे. श्रोत्यांनी एका गाण्यासाठी पूर्ण अल्बम घ्यावा म्हणून कंपन्या अनेक गाजलेली गाणी सिंगल म्हणून बाजारात आणतच नसत, आणि ‘डोंट स्पीक’ त्यांपैकीच एक. मरायाह कॅरी यांचे नाताळचे गाणे १९९४ चे असूनही त्याला त्या वेळी या यादीत जागा नव्हती, यामागेही हाच नियम आहे. पहिला क्रमांक त्याला थेट २०१९ मध्ये मिळाला.

दुसरे कोडे ब्रिटनचे: ‘१९८४ च्या नाताळात कोणत्या गायकाने स्वतःच स्वतःची वाट अडवली?’ जॉर्ज मायकल यांच्या ‘व्हॅम’चे ‘लास्ट ख्रिसमस’ दुसऱ्या क्रमांकावर राहिले, कारण इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘बँड एड’ने काढलेले गाणे पहिले होते, आणि त्या समूहगीतात जॉर्ज मायकल स्वतः गायले होते. ऑनलाइन ऐकणेही मोजणीत धरले जाऊ लागल्यावर जुनी गाणी दर डिसेंबरात वर येऊ लागली आणि ‘लास्ट ख्रिसमस’ला २०२१ च्या पहिल्याच दिवशी पहिला क्रमांक मिळाला, नाताळच्या आठवड्यातला मान मात्र २०२३ मध्ये.

याच्या जोडीला केट बुश यांचे ‘रनिंग अप दॅट हिल’ ठेवता येईल. जुन्या गाण्यांना एका विक्रीइतके वजन मिळण्यासाठी नव्या गाण्यांच्या दुप्पट वेळा ऐकले जावे लागते, असा ब्रिटिश नियम आहे. १९८५ चे हे गाणे एका मालिकेमुळे २०२२ मध्ये पुन्हा गाजले, तेव्हा त्याला या अटीतून सूट देण्यात आली आणि सदतीस वर्षांनी ते पहिले आले.

रविवारचा श्रोता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मामा मिया’, ‘डोंट स्पीक’, जॉर्ज मायकल आणि बारा क्रमांकांतल्या पंधरा रेकॉर्ड एवढे नक्की केले आहे. आशाबाईंचा प्रश्न चरित्राकडे झुकणारा असला, तरी गणेशोत्सवात तो गाळणे मला जमणार नाही. बीटल्सचा प्रश्न तबकडीवाल्यांनी सांगितला तसा उलटा करून घेत आहे.

तबकडीवाला

आशाबाईंचा प्रश्न ठेवणार असाल, तर त्यात ‘रीमिक्स’ हा शब्द जरूर घाला. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ची मूळ आवृत्ती १९९७ मध्ये साठाव्या क्रमांकापर्यंतच गेली होती, पहिल्या क्रमांकावर पोहोचली ती नॉर्मन कुक यांनी लय वाढवून केलेली आवृत्ती. हा भेद प्रश्नात नसेल, तर मूळ गाणे माहीत असलेला स्पर्धक हमखास हरकत घेईल आणि त्याची हरकत तुम्हाला मान्य करावी लागेल.