सप्रेसरच्या मंजुरीची प्रत सोबत बाळगता का?

लेहायकाठचा:
नमस्कार मंडळी. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो, अमेरिकन नागरिक आहे. माझा फॉर्म ४ (सप्रेसर आपल्या नावावर करून घेण्याचा केंद्रीय अर्ज) मंजूर होऊन पहिला सप्रेसर, म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करणारं नळकांडं, नुकताच ताब्यात आलाय. ई-फॉर्म असल्यामुळे मंजुरी पीडीएफ स्वरूपातच मिळाली. रेंजवर एकजण म्हणाला, हा कराचा कागद आहे, पोलिसांना दाखवायची सक्ती नाही, घरीच ठेव. दुसरा म्हणाला, कागदाशिवाय गाडीत ठेवूच नकोस. त्यात १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झालाय. मग हा कागद आता लागतो तरी का? तुम्ही काय करता?

जुना नेमबाज:
प्रत सोबत ठेवा. कर शून्य झाला, नोंदणी नाही. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याची (एनएफए) नोंदणी पूर्वीसारखीच लागते आणि बिननोंदणीची वस्तू बाळगल्यास १० वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आजही आहे.

रेंजवरच्या त्या गृहस्थांचं अर्धंच बरोबर आहे. नोंदणीचा पुरावा जपून ठेवायचा आणि मागितल्यास एटीएफला (शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याला) दाखवायचा, एवढंच केंद्रीय कायदा सांगतो. गावातल्या पोलिसाचा त्यात उल्लेख नाही. पण तुम्ही पेन्सिल्व्हेनियात आहात, आणि इथं राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. कलम ९०८ मध्ये आवाज दाबण्यासाठी बनवलेलं शस्त्र हे बंदी असलेलं हत्यार ठरतं. एनएफएचं पालन केलं हा बचाव त्याच कलमात दिलाय, पण तो सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर. हा बचाव कोर्टात मांडण्यापेक्षा रस्त्याच्या कडेलाच कागद दाखवून विषय मिटवलेला मला हजारपट बरा वाटतो. "तुम्हाला बघायचा अधिकार नाही" असं पोलिसाला ऐकवून काय मिळवायचं?

मी छापील प्रत सप्रेसरच्या पाऊचमध्येच ठेवतो. वस्तू जिथं जाईल तिथं कागद आपोआप जातो. पीडीएफ फोनमध्येही असते, पण ती फक्त राखीव. अनलॉक केलेला फोन मी कुणाच्या हातात देत नाही. आणि आजच एक काम करा: सप्रेसरवर कोरलेला सीरियल नंबर मंजुरीवरच्या नंबरशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. शून्य आणि 'ओ'ची गल्लत झाली असेल तर ती आत्ताच कळलेली बरी.

सातारची लेक:
दादांनी सांगितलं त्यात थोडी भर घालते. नोंदणी ट्रस्टच्या नावावर असेल तर नुसता फॉर्म पुरेसा नाही, ट्रस्टच्या कागदाची प्रतही जोडून ठेवा. फॉर्मवर नाव ट्रस्टचं आणि लायसन्सवर तुमचं, हे कोडं समोरच्याला कसं उलगडणार?

आणि आपल्या लोकांच्या घरात हमखास दुर्लक्षित राहणारी गोष्ट. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येतात, कुणाची बायको अजून डिपेंडंट व्हिसावर असते. अशा व्हिसावरच्या माणसाला, मोजके अपवाद सोडले तर, शस्त्र किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे, आणि सप्रेसरही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच आहे. तिजोरीचा नंबर त्यांना देऊ नका. प्रेमापोटी, सोयीसाठी, कशासाठीच नाही.

लेहायकाठचा:
दोघांचेही मनापासून आभार. नंबर ताडला, जुळतोय. आणखी एक: पुढच्या शनिवारी सकाळी रेंज आणि तिथूनच थेट एडिसनला, मावसबहिणीकडे सत्यनारायण आहे. प्रत सोबत असली की चालेल ना?

जुना नेमबाज:
अजिबात नाही! न्यू जर्सीत सप्रेसर बाळगणं हाच सामान्य माणसासाठी गुन्हा आहे. तुमची मंजुरी शंभर टक्के खरी असली तरी तिथं ती तुम्हाला वाचवणार नाही. डेलावेअर नदी ओलांडण्याआधी घरी जा, सगळं तिजोरीत ठेवा, मग पूजेला निघा. उशीर झाला तर बहीण समजून घेईल.

ओहायोसारख्या सप्रेसर चालणाऱ्या राज्यात मात्र तो एटीएफला न कळवता नेता येतो. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल पुढेमागे घेतलीत तर तिला हे लागू नाही. राज्याबाहेर नेण्याआधी फॉर्म ५३२०.२० भरून एटीएफची मंजुरी घ्यावी लागते, आणि तिची प्रतही मग रायफलसोबतच ठेवायची.