मदत हवी आहे: नर्सना फोनवरून पेशंट जोखायला कसं शिकवायचं?

सिस्टर_इनचार्ज: सोमवारपासून रात्रीचे फोन नर्सनीच घ्यायचे ठरलंय. वॉर्डात पोरी पटापट काम करतात, पण फोन आला की एकच उत्तर, "पेशंटला घेऊन या." लेक्चर झालं, तक्ता चिकटवून झाला. लवकर सांगा कुणीतरी.

रंकाळाकाठ: फोन कुणाचे? ओपीडीचे की डिस्चार्ज झालेल्यांचे? रात्री डॉक्टर असतात का?

सिस्टर_इनचार्ज: डिस्चार्जवालेच, सर्जरी आणि हार्ट. आरएमओ (निवासी डॉक्टर) असतात. शिकवायचं कसं ते विचारलंय मी.

निपाणीकर: आधी चांगला हेडसेट घ्या. आवाज नीट आला की निम्मं काम झालं.

जुनी_मेट्रन: ताई, दोघींना पाठीला पाठ लावून बसवा. एकीनं नातेवाईक व्हायचं, "आईला जरा दम लागलाय, बाकी काय न्हाई." दुसरीनं आईलाच फोनवर मागायचं. एका दमात वाक्य पुरं होतंय का ते कानाला कळतं. मग नातेवाइकाला पूर्ण मिनिट श्वास मोजायला लावायचे. मोठ्या माणसाचे निवांत असताना १२ ते २० असतात. २५ च्या वर गेले, ओठ निळसर दिसले किंवा वाक्य तुटायला लागलं, तर पुढचे प्रश्न बंद, १०८ ला फोन. आणि "छातीत दुखत नाही ना?" असं कधीच विचारायचं नाही, माणूस "नाही" म्हणून मोकळा होतो.

कोड_कोल्हापुरी: एवढं कशाला? ॲपमध्ये प्रश्नावली टाका, होय-नाही दाबलं की उत्तर.

जुनी_मेट्रन: शुगरच्या पेशंटला छातीत न दुखताही अटॅक येतो. तो "कसंतरी होतंय" एवढंच सांगतो, तिथं कुठलं बटण दाबणार? प्रश्नावली हवीच, पण डॉक्टरांच्या सहीची, आणि शंका आली तर नर्सला पेशंट बोलावून घ्यायची मुभा हवी. औषध मात्र तिनं बदलायचं नाही. २०२० च्या टेलिमेडिसीन नियमावलीतही तो अधिकार डॉक्टरचाच आहे.

पन्हाळा_व्ह्यू: वडिलांची शुगर रात्री वाढते, काय द्यावं?

रंकाळाकाठ: वेगळा धागा काढा हो. मॅडम, गगनबावड्याकडच्या पेशंटला "या" म्हणण्याआधी गाडी आहे का, सोबत कोण, हे विचारायला शिकवा. पुरात तो रस्ता बंद असतो.

सिस्टर_इनचार्ज: पाठीला पाठ आज रात्रीच करून बघते. आरएमओना उठवून सांगताना पोरी अडखळतात, त्याचं काय?

जुनी_मेट्रन: एसबीएआर, म्हणजे डॉक्टरांना सांगायचे चार मुद्दे, याच क्रमानं. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. तिसऱ्याला पोरी गप्प होतात. तेवढंच रोज घोटून घ्या.

सिस्टर_इनचार्ज: सरावासाठी नमुन्याचे कॉल लिहिलेले असतील तर पाठवा की. व्यनि (खासगी निरोप) करते.