चर्चा : आपण रविवारी उपासनेला जातो, तेव्हा आपल्या घरची भांडी कोण घासते?

माहीमकर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. विश्वास कृतीत दिसला पाहिजे, हे ईस्टरआधीच्या उपवासकाळात दरवर्षी सांगितले जाते आणि कृती म्हणून अनाथाश्रमाला धान्य, वस्तीत आरोग्य शिबिर, नाताळात चादरींचे वाटप अशी कामे ठरतात. ही कामे चांगलीच आहेत. परंतु ती घराबाहेरची आणि वर्षातल्या मोजक्या दिवसांची आहेत, म्हणून मला घरातलाच एक प्रश्न चर्चेला ठेवावासा वाटतो.

मुंबईतल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुणीभांडी आणि केर-लादी करायला बाई येतात. रविवारी सकाळी आपण चर्चला निघतो, त्याच सुमारास त्या शेजारून किल्ली घेतात, शनिवारी रात्रीच्या पाहुणचाराची खरकटी भांडी घासतात आणि आपण प्रभुभोजन घेऊन परत येईपर्यंत ओटा पुसून वरच्या मजल्यावर गेलेल्याही असतात. आता बायबलमधली शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातून एक दिवस विसावा घेण्याची, आज्ञा (निर्गम २०:१०) पुन्हा वाचून पाहावी. तिथे विसावा केवळ घरधन्याला सांगितलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परदेशी या सगळ्यांचा उल्लेख आहे. बायबलच्याच अनुवाद या पुस्तकात (५:१४) तर हेतूच सांगितला आहे की, दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा. आणि लगेच पुढच्या वचनात, तूही मिसर देशात दास होतास, ही आठवण करून दिली आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, घरकाम करणाऱ्या बाईंना आठवड्यातून एक दिवस, खाडा न धरता, भरपगारी सुट्टी देणे ही ख्रिस्ती कुटुंबाच्या विश्वासाची पहिली परीक्षा आहे. दानधर्म त्यानंतर येतो.

गिरगावकर

धागाकर्त्यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, तरीही मी असहमत आहे. सुट्टी द्यावी, याला कोणाची हरकत असणार? माझी हरकत ‘विश्वासाची परीक्षा’ या शब्दांना आहे. आपले तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, कर्मे केल्याने नव्हे, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्वच्छ लिहिले आहे. शब्बाथाच्या बाबतीत कोणी तुमचा न्याय करू नये, असे पौल कलस्सैकरांस सांगतो (२:१६). असे असताना आपण जुन्या करारातल्या नियमशास्त्रातली एक आज्ञा उचलून तिच्यावरून घराघरांचा विश्वास जोखू लागलो, तर उद्या कोणी बोनसची रक्कम विचारील, परवा जेवणाचे ताट वेगळे ठेवता का हे विचारील, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, एकमेकांच्या स्वयंपाकघरांची झडती सुरू होईल.

शिवाय व्यवहार पाहा. आमच्याकडे येणाऱ्या बाई आमच्याच इमारतीत पाच घरे करतात. मी रविवारी सुट्टी दिली, तरी उरलेल्या चार घरांसाठी त्यांना जिने चढावेच लागतात. मग माझ्या सुट्टीने त्यांना विसावा मिळाला, की केवळ माझ्या मनाला समाधान मिळाले?

परळची परिचारिका

दोन्ही बंधूंना एक गोष्ट विचारते. आपण जी यादी वाचली, तिच्यात मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी आहेत, बैल आणि गाढवसुद्धा अनुवादात आहेत. पत्नीचा उल्लेख कुठे आहे? माझी रुग्णालयातली पाळी महिन्यातून दोन-तीन रविवारी असतेच, कारण आजाऱ्याला वार नसतो. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. बाई आल्या नाहीत, तर ती भांडी, ती लादी आणि सासूबाईंची चादर बदलणे, हे सारे रात्रपाळी करून आलेल्या माझ्याच वाट्याला येते. एका स्त्रीचा विसावा दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर टाकून पुरुषांनी त्याला विश्वासाचे कृत्य म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्या बाईंची सुट्टी मी बुधवारी ठेवली आहे, कारण बुधवारी मी घरी असते आणि त्यांच्या मुलीच्या क्लासलाही सुट्टी असते. वार त्यांना विचारूनच ठरवला. रविवारचा आग्रह मला पटत नाही.

माहीमकर

ताई, आपला मुद्दा या धाग्यातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. यादीत पत्नी नाही, हे खरे. परंतु त्यातून मला निघणारा अर्थ असा की, त्या दिवशी भांडी घासायला घरातल्या पुरुषाने उभे राहावे. येशूने शिष्यांचे पाय धुतले (योहान १३), ते काम त्या काळी घरातल्या नोकराचे होते. ते वचन आपण पुण्य गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, वाचतो, पायधुणीचा विधीही करतो. मग रविवारी आपल्याच घरची कढई घासण्यात कमीपणा का वाटावा? वाराबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. वार बाईंनीच ठरवावा.

गिरगावकरांना एवढेच सांगतो की, इफिसकरांस पत्रातला तो उतारा नवव्या वचनावर थांबत नाही. दहाव्या वचनात, आपण सत्कृत्ये करण्यासाठीच ख्रिस्तात निर्माण केलेले आहोत, असे म्हटले आहे. कृती हे तारणाचे मूल्य नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण जिथे कृपा पोहोचली, तिथे बाईंच्या पगाराच्या हिशेबातही ती दिसायला नको का?

वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे दहा आज्ञांच्या आमच्या मोजणीत शब्बाथाची ही आज्ञा तिसरी आहे, आशय तोच. मला तुमच्या दोघांच्याही मांडणीत एक उणीव दिसते. तुम्ही देणाऱ्याच्या मनाबद्दल बोलत आहात आणि घेणारीच्या हक्काबद्दल कोणीच बोलत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांवरील आपल्या परिपत्रकात न्याय्य वेतन आणि विश्रांती यांना हक्क मानले आहे. याकोबाच्या पत्रातही (५:४) अडवून ठेवलेली मजुरीच ओरडत आहे, असे लिहिले आहे. दयेचा तिथे प्रश्नच नाही.

बेल्जियमहून भारतात आलेल्या सिस्टर जीन देव्होस यांनी १९८५ पासून घरकामगार महिलांचे संघटन उभे केले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ च्या करारात आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती मान्य केली, पण भारताने त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही. तेव्हा खरी कृती अशी : बाईंची मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, हे विचारावे, कागदपत्रे जमवायला रविवारची दुपार द्यावी, आणि पाच घरांचा प्रश्न असेल, तर त्या पाच घरांची दारे वाजवून एकच सुट्टी ठरवावी. एकट्या घराचा चांगुलपणा मालकाच्या मर्जीवर चालतो आणि घर बदलले की संपतो.

भायखळ्याचा वाचक

दारे वाजवायची, इथेच माझी अडचण आहे. आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घरे दोनच आहेत. मी बायबलचा आधार घेऊन बोलू लागलो, तर लोक त्याला धर्मप्रचार समजतील, आणि बाईंवरही नसता संशय येईल. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये (मत्तय ६:३), या वचनाप्रमाणे आपापल्या घरात गुपचूप करावे, हेच बरे.

वसईकर

ते वचन दानाविषयी आहे, मजुरीविषयी नाही. आणि सोसायटीच्या सभेत बायबल उघडण्याची गरज काय? बँकेत, कारखान्यात साप्ताहिक सुट्टी असते, मग आपल्या इमारतीत का नाही, एवढे विचारले तरी पुरे. ज्या बाई पाच घरे करतात, त्यांनाच सभेत बोलवावे. त्या आपल्यापेक्षा नेमके बोलतील.

गिरगावकर

वसईकरांची सूचना मला पटली. चारही शेजाऱ्यांशी मी बोलेन, आणि खाडे कापायचे नाहीत हेही त्यात येईल. परंतु धागाकर्त्यांशी माझा मतभेद कायम आहे. ज्या घरात आजारपण आहे, जिथे एकाच पगारावर सहा माणसे जगतात, त्या घराने भरपगारी सुट्टी देता आली नाही म्हणून आपला विश्वास खोटा मानावा, असे मी कोणालाही सांगणार नाही. त्या घराला मंडळीने हातभार लावावा : रविवारी दुपारी कोणीतरी जाऊन त्यांच्या आजाऱ्याजवळ बसावे, कोणीतरी भांडी घासावीत. ही जबाबदारी एकट्या कुटुंबाची नसून सगळ्या मंडळीची आहे, आणि पाळकांनी ती उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये नावांसह वाटून द्यावी, असा माझा प्रस्ताव आहे.