आराखडा दाखवण्याआधी गाव फिरा

वारसास्थळाजवळ पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधायचं असलं की 'केंद्राचा आराखडा ग्रामसभेत मांडला, हरकती मागवल्या, म्हणजे स्थानिकांचा सहभाग झालाच' असं म्हटलं जातं. हे म्हणणं मला पटत नाही. तोवर जागा ठरलेली असते, वाहनतळ आखलेला असतो. लोकांना विचारायचं उरतं ते फक्त हो की नाही.

गोव्यात सांगे तालुक्यातल्या पणसायमळचं उदाहरण सांगतो. कुशावती नदीच्या काठावरची तिथली कातळशिल्पं अभ्यासकांपर्यंत पोचली १९९३ साली, आणि तीही गावकऱ्यांनी सांगितल्यामुळे. बैल, हरणं, तो चक्रव्यूहासारखा गोल, हे सगळं जांभ्या दगडावर कोरलेलं आहे. जांभा झिजतो. शिवाय पावसाळ्यात नदी फुगली की पाणी आणि गाळ थेट कातळावर येतो. अशा ठिकाणी केंद्र बांधायचं तर पाणी कुठवर चढतं, कुठली वाट चार महिने बंद असते, गुरं कुठून उतरतात, हे तिथे राहणाऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हिवाळ्यात येऊन मोजमाप घेणाऱ्याला हे दिसणारच नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी, भर पावसात, गावातल्या जाणत्या माणसांबरोबर जागा पायी फिरायला हवी. बायकांनाही बरोबर घ्या. आमच्याकडे ग्रामसभेत त्या फारशा बोलत नाहीत, पण ओहोळ, झरी आणि रानातल्या वाटा त्यांनाच जास्त माहीत असतात. आणि पर्यटकांना कातळावर चपला घालून किती जवळ जाऊ द्यायचं, हेही त्याच फेरीत गावाबरोबर ठरवावं.