जेव्ही क्रमांकाची जपानी स्ट्रॅटोकास्टर घ्यावी की १९७६ ची अमेरिकी? जाणकारांचे मत हवे आहे

निशीकासाईकर:

नमस्कार. नोकरीनिमित्त गेली सहा वर्षे मी तोक्योत राहतो आहे. महाविद्यालयात असल्यापासून गिटार वाजवतो, पण आजवर माझ्याकडे नव्या आणि साध्या गिटारीच होत्या. येत्या मार्चमध्ये कायमचे पुण्याला परतायचे ठरले आहे. त्याआधी एखादी जुनी, पुढे आयुष्यभर वाजवता येईल अशी इलेक्ट्रिक गिटार घ्यावी, अशी मनापासून इच्छा आहे. इथे ओचानोमिझु स्टेशनाबाहेर पडले की उताराच्या रस्त्यावर वाद्यांची दुकानेच दुकाने आहेत आणि मागचे चार शनिवार मी तिथेच घालवले आहेत.

दोन गिटारी मनात भरल्या आहेत. पहिली फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या जपानी शाखेची, जेव्ही क्रमांकाची (म्हणजे अनुक्रमांक ‘JV’ अक्षरांनी सुरू होणारी), १९६२ च्या धाटणीवर बनवलेली स्ट्रॅटोकास्टर. फिंगरबोर्ड (बोटे दाबायची पट्टी) शिसवी, रंग सनबर्स्ट, पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारांच्या खाचा स्पष्ट दिसतात. दुकानदार ती ‘११५’ श्रेणीची असल्याचे सांगतो आणि २ लाख ४० हजार येन मागतो. दुसरी १९७६ ची अमेरिकी स्ट्रॅटोकास्टर आहे, मोठ्या हेडस्टॉकची (खुंट्या बसवलेला माथा), तीन बोल्टनी जोडलेल्या नेकची (मान) आणि हाताला चांगलीच जड. तिची किंमत पहिलीच्या दुपटीहून अधिक आहे. वाजवताना मला जपानी गिटार जवळची वाटली, पण मित्रमंडळींचे म्हणणे असे की जुनी घ्यायचीच तर अमेरिकी घ्यावी, नाहीतर पैसे वाया जातील. ही भीती कितपत खरी आहे? आणि पैसे देण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

जवारी:

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. माझे बालपण मिरजेत, तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या शेजारात गेले आणि आता पुण्यात गिटारदुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी जेव्हीविषयी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टोकाई, ग्रेको, फर्नांडिस या जपानी नावांखाली पन्नास आणि साठच्या दशकांतल्या स्ट्रॅटोकास्टरच्या इतक्या बारकाईने केलेल्या प्रतिकृती बाजारात आल्या, की खुद्द फेंडरच्या त्या वर्षांतल्या गिटारी त्यांच्यासमोर ओबडधोबड वाटू लागल्या. अखेर १९८२ मध्ये फेंडरने कान्दा शोकाई आणि यामानो गाक्की या दोन जपानी व्यापारी संस्थांना सोबत घेऊन फेंडर जपानची स्थापना केली. बांधणीचे काम नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो इथल्या फुजीगेन कारखान्याला मिळाले. ग्रेको हे नाव मुळात कान्दा शोकाईचे, त्यामुळे या करारापायी तिला फेंडरच्या प्रतिकृती थांबवाव्या लागल्या. जे हात प्रतिकृती घडवत होते, त्यांच्याच हातून आता अधिकृत फेंडर बाहेर पडू लागली. जेव्ही क्रमांक १९८२ ते १९८४ एवढ्याच काळातला आहे. ज्या कारागिरांनी जुन्या गिटारी खोलून, मापे घेऊन हे काम शिकून घेतले, त्यांच्या कामाकडे ‘अमेरिकी नाही’ एवढ्याच कारणाने पाठ फिरवणे मला अन्यायाचे वाटते.

‘११५’ म्हणजे त्या वेळची छापील किंमत, १ लाख १५ हजार येन. ‘८५’ ही तिच्या खालची श्रेणी. ११५ ला अमेरिकेत बनलेले पिकअप (तारांची कंपने टिपणारी चुंबकीय वेटोळी) आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरचा रंग असे, तर ८५ ला जपानी पिकअप आणि जाड पॉलिएस्टरचा रंग. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता पिकगार्ड, म्हणजे पिकअप जिच्यावर बसवलेले असतात ती पुढची पट्टी, उघडून दाखवण्याची विनंती करावी. रंगाची पारख डोळ्यांनीच करावी. नायट्रो लॅकर वर्षानुवर्षांच्या थंडी-उन्हाने आक्रसतो आणि खिडकीजवळ तिरपी धरली की त्यात केसासारख्या बारीक भेगा दिसतात. रसायन लावून रंग ओळखण्याचे प्रयोग दुसऱ्याच्या वाद्यावर कधीही करू नयेत.

आता तपासणी. स्ट्रॅटोकास्टरचा जेव्ही क्रमांक मागच्या नेकप्लेटवर कोरलेला असतो आणि ती प्लेट चार स्क्रूंनी बसवलेली असते. जी वस्तू पाच मिनिटांत निघते, ती दुसऱ्या गिटारीवरही पाच मिनिटांतच बसते. क्रमांक हा पुराव्याचा एक तुकडा आहे आणि बाकीचे तुकडे त्याच्याशी जुळतात का, हे आत पाहावे लागते. तारा सैल करून नेक काढायला सांगा. स्क्रूची भोके एकेरी, स्वच्छ आहेत का? पॉकेटमध्ये, म्हणजे नेक बसतो त्या खाचेत, कागदाच्या किंवा लाकडाच्या चकत्या कोंबल्या आहेत का? एखादी पातळ चकती असणे दोष नाही, तीन-चार असतील तर कुणीतरी दुसऱ्याच कारणाने बिघडलेला कोन असा सावरला आहे. मग डागांकडे, म्हणजे सोल्डरिंगकडे पाहा. चाळीस वर्षांचा डाग राखाडी, मंद आणि सहसा एकसारखा दिसतो. त्यांच्यात एखादा चांदीसारखा चकाकणारा, पसरट डाग दिसला की ती तार अलीकडे काढून पुन्हा जोडली आहे, असे समजावे. शक्य असल्यास मल्टिमीटरने प्रत्येक पिकअप मोजून घ्यावा. या धाटणीचा पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो. एकच पिकअप फार वेगळा आकडा दाखवत असेल तर तो बदललेला किंवा पुन्हा गुंडाळलेला असू शकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. या धाटणीत ट्रसरॉडची, म्हणजे नेकचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळीची, चावी नेकच्या बुडाशी असते, त्यामुळे ती फिरवायला नेक सैल करावा किंवा काढावाच लागतो. नेक निघालेला असतानाच ती चावी फिरते का आणि पुढे आवळायला वाव शिल्लक आहे का, हे दुकानातल्या कारागिराकडून पाहून घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात नेक हलणार, यात शंका नाही. चावी शेवटाला पोचली असेल तर त्या गिटारीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न माझ्यासारख्याच्या टेबलावर येतो आणि त्याचे उत्तर स्वस्त नसते.

फ्रेट झिजल्याने घाबरू नका. आमच्याकडे तानपुऱ्याची जवारी बिघडली की घोडी पुन्हा घासतात. त्या वाद्याचे मूळपण गेले, असे मिरजेत कुणी म्हटलेले मी ऐकले नाही. तारेखाली झिजणारा भाग झिजावा आणि बदलावा, यासाठीच असतो. नवे फ्रेट नीट बसवले असतील तर वाजवणाऱ्याच्या दृष्टीने गिटार सुधारते आणि संग्राहकही त्याला फारशी हरकत घेत नाहीत. पुन्हा रंगवलेल्या गिटारीची गोष्ट वेगळी, तिची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते. मी त्या निम्म्या किमतीकडे संधी म्हणून पाहतो, पण ती निम्म्या किमतीतच मिळाली पाहिजे.

एडिसनवासी:

वरील उत्तराशी सहमत आहे. मी न्यू जर्सीत राहतो आणि सत्तरच्या दशकातल्या दोन अमेरिकी स्ट्रॅट माझ्याकडे होऊन गेल्या आहेत, म्हणून दुसऱ्या गिटारीपुरते लिहितो.

लिओ फेंडरने आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याआधीच्या गिटारींना संग्राहक ‘प्री-सीबीएस’ म्हणतात आणि मोठ्या किमती प्रामुख्याने त्यांच्याच आहेत. आपल्यासमोर असलेली १९७६ ची गिटार त्यात मोडत नाही. १९७१ च्या सुमारास चार स्क्रूंऐवजी तीन बोल्ट आले आणि त्यासोबत नेकचा कोन बारीक बदलता येईल अशी सोय आली. ही कल्पना मुळात वाईट नव्हती. पण त्या वर्षांत उत्पादन वाढले, पॉकेट सैल कापले जाऊ लागले आणि सैल पॉकेटमध्ये तीन बोल्टचा नेक बाजूला सरकतो. माझ्या एका गिटारीत सर्वांत जाड, सहावी तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरायची. नेक हाताने ढकलून जागेवर आणावा लागे आणि दोन मैफलींनंतर तो पुन्हा सरकलेला असे. दुसरी मात्र उत्तम बांधलेली होती. दुकानात पहिली आणि सहावी तार फिंगरबोर्डच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आहेत का ते पाहा आणि नेक हलकेच बाजूला दाबून काही सरकते का ते तपासा. अॅश लाकडाच्या त्या काळातल्या गिटारी चार किलोंच्या वर जातात. दोन तास उभे राहून वाजवणार असाल तर हा आकडा खांद्याला कळतो.

१९७६ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. त्याच सुमारास क्रमांक नेकप्लेटवरून हेडस्टॉकवर गेला, म्हणून या वर्षाच्या गिटारी दोन्ही प्रकारच्या आढळतात. पोटेंशिओमीटरवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचा, आकडाही वाचून घ्या. सुरुवातीचे तीन अंक बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, आणि त्यापुढे वर्ष व आठवडा. १३७ ७६ १२ म्हणजे १९७६ चा बारावा आठवडा. भाग गिटारीहून जुना असू शकतो, गिटारीहून नंतरचा मात्र असू शकत नाही, आणि असेल तर तो बदललेला आहे.

वाजवण्यासाठीच घेणार असाल तर मी जेव्हीच्या बाजूने आहे.

तारसप्तक:

एक सावधगिरीची सूचना. जपानी गिटारी पाहताना ‘लॉसूट’ (खटला) हा शब्द आपल्याला जागोजागी भेटेल. त्याच्या नावाने जास्तीचे पैसे मोजू नका. खटला झाला होता, तो १९७७ मध्ये. अमेरिकी गिटार कंपनी गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिनने आयबनेझ या जपानी गिटारींच्या अमेरिकी वितरकावर तो भरला होता आणि वाद हेडस्टॉकच्या आकाराचा होता. प्रकरण पुढच्या वर्षी आपसात मिटले. स्ट्रॅटोकास्टरसारख्या दिसणाऱ्या गिटारीचा त्या खटल्याशी काही संबंध नाही.

मी स्वतः पाच वर्षांपूर्वी छायाचित्रे पाहून एक जपानी गिटार मागवली होती. विक्रेत्याने ‘सर्व भाग मूळचे’ असे लेखी दिले होते. पार्सल आल्यावर पिकगार्ड उघडले तेव्हा तिन्ही पिकअप नवे निघाले आणि आतल्या तारांना प्लॅस्टिकचे वेष्टण होते, जिथे कापडी असायला हवे होते. परत पाठवण्याची मुदत तोवर संपली होती. ज्यांना दुकानात उभे राहून गिटार उघडायला सांगता येते, त्यांनी ती संधी सोडू नये.

निशीकासाईकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा गेलो होतो. विनंती केल्यावर कारागिराने टेबलावर पांढरे कापड अंथरले, तारा सैल केल्या आणि माझ्यासमोर नेक काढला. स्क्रूची भोके एकेरी आहेत, पॉकेटमध्ये एकच कागदी चकती आहे, चावी दीड फेरा आणखी फिरते. पिकअप ५.८, ५.९ आणि ६.० किलोओहम आले. एका पोटेंशिओमीटरचे डाग मात्र चकाकत होते. कारागिराने तो बदलल्याचे मान्य केले आणि किंमत १५ हजार येनने कमी केली. मधल्या पिकअपवर, आवाज अगदी कमी ठेवून एकेक स्वर सोडला तेव्हा तो जसा विझत गेला, तो आवाज अजून कानात आहे. अनामत रक्कम देऊन आलो.

आता दोन शंका. शिसवी फिंगरबोर्डमुळे भारतात आणताना परवाना लागेल का? आणि सोबत इथला अॅम्पही आणावा का?

जवारी:

मनापासून अभिनंदन. शिसवीच्या सर्व जातींवर साइटीस (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय) कराराखाली जानेवारी २०१७ पासून निर्बंध आले होते, परंतु तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली. ही सूट ब्राझीलच्या शिसवीला लागू नाही, तिच्यावरचे निर्बंध १९९२ पासूनचे आणि कडक आहेत. म्हणून लाकूड ब्राझीलचे नाही, असे दुकानाच्या पावतीवर लिहून घ्या आणि ती पावती गिटारीच्या पेटीतच ठेवा.

अॅम्प आणू नका. तिथला १०० व्होल्टचा, इथे २३० व्होल्ट. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येईल, पण तेवढ्या खर्चात आणि वजनात इथे चांगला अॅम्प मिळतो. विमानात देण्यापूर्वी तारा दोन स्वर उतरवा आणि हेडस्टॉकखाली मऊ कापडाची गुंडाळी ठेवा. घरी आल्यावर रबराच्या स्टँडवर उभी करू नका, रबरामुळे नायट्रो लॅकर मऊ होऊन त्यावर कायमचा डाग पडतो. सुती कापड गुंडाळलेला स्टँड चालेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागला की नेक एकदा तपासून घ्या. कारागिराने सांगितलेल्या त्या दीड फेऱ्यातला पाव फेरा तेव्हा लागेल, असा माझा अंदाज आहे.